उद्याचं पाणी

आमच्या मनमाडमध्ये नळाला पाणी येतं ते कधी पंधरा दिवसांनी, कधी वीस दिवसांनी. उन्हाळा कडक असेल आणि वागदर्डी धरणाचा तळ दिसू लागला असेल तर त्याहूनही उशिरा. त्यामुळे इथल्या घरात माणसांपेक्षा ड्रम जास्त. पाणी आलं की शाळा, नोकरी, स्वयंपाक सगळं बाजूला राहतं. ड्रम, टाक्या, हंडे, बादल्या, भगोणी, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायची. लहानपणी मी पाहायची, अम्मी एका हातानं नळी धरून तिसरा ड्रम भरत असायची आणि तोंडानं म्हणत असायची, "देनेवाला अल्लाह है बेटा, इत्ती फिकर नै करना."

या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं तिला कधी वाटलं नाही. मला मात्र त्यातलं शहाणपण कळायला वयाची शेहेचाळीस वर्षं जावी लागली. मध्ये एक आजारपण आलं, एक परीक्षा आली आणि एका ख्रिस्ती बाईची सोबत मिळाली. ते सगळं आज लिहायचं ठरवलंय, कारण माझ्यासारख्या आणखी कितीतरी बहिणी रात्री छताकडे बघत जाग्या असतील, आणि "मेरा ईमान कमजोर है" असं स्वतःलाच बोलत असतील.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न न्यायालयानं मोठ्या खंडपीठाकडे सोपवला, पण माझी शाळा त्यात बसत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा टीईटी नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. बी.एड. केलं, मुलाखत दिली, रुजू झाले आणि वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवत राहिले. माझ्याकडे शिकलेल्या मुली आज स्वतः शिक्षिका आहेत, आणि त्यांच्यातल्या दोघी टीईटी पास आहेत. बाई नापास आणि विद्यार्थिनी पास, असा हा मामला.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीच डबा नीट खाल्ला नाही. मी हसून म्हणाले, "होईल काहीतरी." त्याच रात्री अडीचच्या सुमारास जाग आली. स्वप्न वगैरे काही नव्हतं. काळीज धडधडत होतं, हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटत होतं. मुलांचे अब्बा पानेवाडीच्या डेपोतून टँकर भरून बाहेरगावी गेलेले. घरात दोन मुलं आणि सासूबाई. मी स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले आणि मनात एकच विचार आला, की मी आता मरणार आणि मुलांना सकाळी कळणार.

मेले नाही. पण दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग जवळजवळ रोज रात्री हेच सुरू झालं. डोक्यात हिशेब चालायचा. घराचा हप्ता, मुलीची फी, सासूबाईंची औषधं. नोकरी गेली तर पहिल्या महिन्यात काय बंद करायचं, दुसऱ्या महिन्यात काय, याची यादी मी मनातल्या मनात इतक्या वेळा केली होती की ती पाठ झाली होती. पुस्तक उघडलं की अक्षरं पळायची. परीक्षेच्या भीतीनं परीक्षेचा अभ्यासच होईना.

शेवटी नाशिकला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड ठीक. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. घाबरलेल्या शरीराला वाटतं समोर वाघ आहे, म्हणून ते पळण्याची तयारी करतं. श्वास जोरजोरात होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. झटका जीवघेणा नसतो, थोड्या वेळानं आपोआप ओसरतो. श्वास हळू घ्या आणि त्याहून हळू सोडा. काही महिन्यांसाठी गोळी लिहून दिली आणि समुपदेशकाकडे जायला सांगितलं.

मी गोळ्या आणल्या आणि मसाल्याच्या डब्यांमागे लपवून ठेवल्या. कारण आपल्याकडे मधुमेहाची गोळी सगळ्यांसमोर घेता येते, मनाची नाही. एका नातेवाईक बाईंना थोडंसं सांगून पाहिलं तर त्या म्हणाल्या, "नमाज में दिल नै लगता होएंगा. अल्लाह पे भरोसा होता तो ये नौबत नै आती." मी पाच वेळची नमाज पढणारी बाई. हे ऐकल्यावर आजाराच्या जोडीला अपराधही येऊन बसला. आता रात्री दोन भीत्या असायच्या. एक नोकरीची आणि एक आखिरतची.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त नर्स राहतात. रेल्वेच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणतं. माहेर नगर जिल्ह्यातलं, मराठी ख्रिस्ती कुटुंब. नाताळला त्यांच्याकडून करंज्या आणि केक येतो, ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो. इतकाच संबंध होता. एक दिवस त्यांच्याकडे सासूबाईंचा रक्तदाब तपासायला गेले. सासूबाईंचा झाला आणि सिस्टरनी न विचारताच पट्टा माझ्या दंडाला बांधला. आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झोपत नाहीस ना बाळा?"

मला रडू आलं. सासूबाई बावरल्या. सिस्टरनी त्यांना चहा दिला, मला पाणी दिलं आणि कुठलाही उपदेश न करता स्वतःची गोष्ट सांगितली. नवरा गेला तेव्हा त्यांची मुलं लहान होती. रात्रपाळी असायची. वॉर्डात पेशंटचा श्वास मोजता मोजता त्यांचाच श्वास अडकायचा. चर्चमधल्या एकानं त्यांना सांगितलं होतं, की प्रार्थना कमी पडते आहे. "मी त्यांना काही बोलले नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण मी प्रार्थनाही केली आणि दोन वर्षं गोळ्याही घेतल्या. गोळी बनवणाऱ्यालाही अक्कल देवानंच दिली ना?"

म्हणजे जे मला माझ्या माणसांनी ऐकवलं, तेच त्यांना त्यांच्या माणसांनी ऐकवलं होतं. धर्म दोन, पण टोमणा एकच.

त्यानंतर मी शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदोनदा त्यांच्याकडे बसू लागले. एकदा मी विचारलं, "सिस्टर, तुमच्या धर्मात चिंतेबद्दल काय सांगितलंय?" त्यांनी बायबल काढलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचून दाखवला. येशूनं डोंगरावर बसून केलेल्या उपदेशाचा तो भाग. आकाशातल्या पाखरांकडे बघा, ती पेरत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं. रानातल्या फुलांकडे बघा, ती सूत कातत नाहीत. मग उद्याची चिंता का करता, असा त्याचा आशय.

मी चमकले, कारण ही पाखरं माझ्या ओळखीची होती. तिरमिजीच्या हदीस संग्रहात पैगंबर साहेबांचं म्हणणं आहे, की तुम्ही अल्लाहवर खरा तवक्कुल केलात तर तो तुम्हाला पाखरांसारखं रिझ्क देईल. ती सकाळी उपाशी निघतात आणि संध्याकाळी पोट भरून परततात. कुरआनातही सूरह अनकबूतमध्ये अशा प्राण्यांचा उल्लेख आहे, जे आपलं अन्न पाठीवर वाहून नेत नाहीत, तरी अल्लाह त्यांना देतो. मी हे सांगितलं तेव्हा सिस्टर खूश झाल्या. म्हणाल्या, "म्हणजे पाखरं तुमच्याकडेही येतात!"

मग मी माझा खरा प्रश्न विचारला. "इतकं स्पष्ट सांगितलेलं असताना मला चिंता होते, म्हणजे मी गुन्हेगार नाही का?"

त्या म्हणाल्या, "चिंता करणं हे पाप असतं तर येशूनं एवढं समजावत बसायची गरजच नव्हती. एका वाक्यात मनाई केली असती. समोर बसलेले लोक कोण होते? कोळी, शेतमजूर, रोमच्या करानं पिचलेले. उद्या काय खायचं हा त्यांचा खरोखरचा प्रश्न होता. त्यानं त्यांना रागावून नाही सांगितलं, पाखरं दाखवून सांगितलं. आणि पकडला गेला त्याच रात्री बागेत त्याला स्वतःलाही घाम फुटला होता बाळा."

घरी येताना माझ्या डोक्यात एक जुनी गोष्ट जागी झाली. पैगंबर साहेब अल्लाहकडे ज्या गोष्टींपासून पनाह मागत, त्यात दोन शब्द जोडीनं येतात. हम्म आणि हुज्न. आलिम लोक त्यातला फरक असा सांगतात, की हम्म म्हणजे जे अजून घडलं नाही त्याची चिंता आणि हुज्न म्हणजे जे घडून गेलं त्याचं दुःख. ही दुआ मला लहानपणापासून पाठ होती. पण कधी विचारच केला नव्हता, की ज्यांचा ईमान साऱ्या दुनियेत पक्का, तेच हे मागत होते. म्हणजे चिंता ही माणसावर येणारी गोष्ट आहे. ताप येतो तशी. ताप आलेल्याला कुणी बेईमान म्हणत नाही.

त्या रात्रीही अडीचला जाग आली. छाती धडधडली. पण दोन भीत्यांपैकी एक कमी झाली होती.

सिस्टरनी मला एक पुस्तक दिलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. बी.एड.ला माझी मेथड मराठी असून मी ते पूर्ण वाचलेलं नव्हतं, हे कबूल करते. लक्ष्मीबाई आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या, जलालपूरच्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये टिळक रेल्वेनं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले, गप्पा झाल्या, आणि त्यांनी 'नवा करार' भेट दिला. टिळक वाचत गेले आणि त्याच डोंगरावरच्या उपदेशापाशी अडकले. दोन वर्षांनी, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं तर आभाळच फाटलं. कडक सोवळ्यात वाढलेली बाई. त्यांना स्वतःला तिथवर पोचायला आणखी पाच वर्षं लागली, आणि त्या आपल्या पायांनी चालत पोचल्या, कुणी ओढून नेलं म्हणून नाही.

ही दोघं नंतर नगरला आणि राहुरीला राहिली. राहुरी आमच्या मनमाड-दौंड लाइनवरचं स्टेशन. टिळक म्हणजे चिंता न करणाऱ्या माणसाचा नमुना. खिशात आलेलं दुसऱ्याला देऊन टाकायचे, पाहुणे घरी आणायचे, उद्याचा विचार देवावर सोडायचे. वाचताना हसू येतं. पण मी बाई आहे, घर चालवते, म्हणून मला हसता हसता दुसरंही दिसत होतं. टिळक बेफिकीर राहू शकत होते, कारण घरात फिकीर करणारी लक्ष्मी होती. आलेल्या पाहुण्याच्या ताटात काय वाढायचं हे आभाळातून उतरत नव्हतं, ते तिच्या हातून उतरत होतं.

मी सिस्टरना हे बोलून दाखवलं. "भरवसा ठेवायचा पुरुषांनी आणि डबे धुंडाळायचे बायकांनी, असं नको." त्या मोठ्यानं हसल्या. मग म्हणाल्या, "खरं आहे. पण टिळकांमुळे लक्ष्मीबाईंची भीती कमी कमी होत गेली, हेही बघ. शेवटी शेवटी तीच बाई नगरला प्लेगच्या छावणीत जाऊन काम करते. जिला शिवाशिवीची भीती होती ती."

दुसरं नाव त्यांनी सांगितलं ते पंडिता रमाबाईंचं. रमाबाई मला स्त्री-शिक्षणाच्या धड्यातून माहीत होत्या, पण त्यांचं आयुष्य चिंतेच्या बाजूनं मी कधी पाहिलं नव्हतं. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करता करता आई, वडील, बहीण एकामागून एक गेले. पाणी नाही, अन्न नाही. रमाबाई आणि त्यांचा भाऊ अनवाणी देशभर फिरले. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षं व्हायच्या आत पती गेले, पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. अशा बाईला रात्री झोप कशी लागत असेल?

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, म्हणजे ती मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. माझ्या दोन वर्षांच्या मुदतीसारखीच एक मुदत. या काळात त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचलं. हे म्यूलर कुणाकडेही पैसे न मागता, फक्त प्रार्थनेच्या जोरावर हजारो अनाथ मुलांना सांभाळत. रमाबाईंवर त्याचा खोल परिणाम झाला. आणि नेमका १८९६-९७ चा दुष्काळ आला. हिशेबी माणूस अशा वेळी दार लावून घेतो. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती, तिथे 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दुष्काळात आपले आईबाप गमावलेल्या बाईनं पुढच्या दुष्काळात दोन हजार पानं मांडली.

पण मला सर्वांत जास्त आवडलं ते वेगळंच. देव देईल असं म्हणून रमाबाई हात जोडून बसल्या नाहीत. मुक्तीत विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या, तेलाचा घाणा चालवला, हातमाग आणि छापखाना चालवला. मुलींना प्रत्येक काम शिकवलं. गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि उठून घाण्यावर जायचं. अम्मीच्या ड्रमाची आठवण मला इथे पहिल्यांदा झाली.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं फार गोड वाटेल. ज्या मुलीवर त्या संस्था सोपवणार होत्या, ती मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. पुढच्या वर्षी ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करत होत्या. म्हणजे देवावर भरवसा ठेवला म्हणून दुःख दारातून परत जात नाही. भरवसा फक्त इतकंच करतो, की दुःख आत आल्यावरही माणूस हातातलं काम टाकत नाही.

मध्यंतरी प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं. मनमाडहून नगर, दौंड करत गाडी केडगाववरून गेली. थांबली नाही. मी खिडकीतून पिवळी पाटी वाचली आणि मनातल्या मनात सलाम केला. आमची ही मनमाड-दौंड लाइन १८७८ ची. तिच्या मातीकामावर १८७७ च्या दुष्काळातले मजूर राबले होते. म्हणजे मी ज्या रुळांवरून बसून जात होते, तेही कुणाच्या तरी एका दिवसाच्या भाकरीसाठी टाकलेल्या मातीवर उभे होते.

आता लोकांचं. मी सिस्टरकडे जाते, तिथे बायबल वाचलं जातं, ही बातमी गल्लीत फिरायला वेळ लागला नाही. एकीनं सासूबाईंना विचारलं, "बहू को संभालो, किरिस्तान बन जाएगी." तिकडे सिस्टरच्या मुलानं फोनवर त्यांना बजावलं, की आजकाल दिवस कसे आहेत, उगीच कुणी धर्मांतराची तक्रार करेल. दोन बायका चहा पितात आणि दोन समाजांना घाम फुटतो. सासूबाईंनी मात्र मला चकित केलं. त्या म्हणाल्या, "मेरी बहू वहाँ से हँसते हुए आती. तुम्हारे घर से कब आई हँसते?"

माझ्यापुरतं सांगते. मी मुसलमान आहे आणि मुसलमानच राहिले. सिस्टर देवाला 'बाप' म्हणतात. आम्ही अल्लाहला बाप म्हणत नाही, आणि त्यांचा हा शब्द मी घेऊ शकले नाही. पण त्या शब्दात त्यांना जी ऊब मिळते ती बघून मी माझ्या घरात शोधायला लागले. अल्लाहच्या नावांत 'रज्जाक' आहे, 'वकील' आहे. वकील म्हणजे ज्याच्यावर आपलं काम सोपवून निर्धास्त व्हावं तो. तवक्कुल हा शब्द तिथूनच येतो. इतकी वर्षं मी हे शब्द शिकवते. त्यांच्यात राहायला कधी गेले नव्हते.

शोधताना मी सूरह मरियमपाशी थांबले. हजरत मरियम एकट्या, प्रसूतीच्या कळा सुरू, जवळ कुणी नाही, आणि लोक काय म्हणतील याची भीती. त्या खजुराच्या झाडाखाली येतात आणि म्हणतात, की याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. एवढी पाक बाई असं म्हणते, आणि अल्लाह ते कुरआनात लपवत नाही. मग आवाज येतो, की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, खजुराचं खोड हलव, पिकलेले खजूर पडतील.

मी दोन मुलांची आई आहे. कळा येत असताना बाईनं खजुराचं खोड हलवायचं? दहा पुरुषांना हलणार नाही ते. जो अल्लाह झरा वाहवतो त्याला खजूर पाडणं काय अवघड होतं? याच मरियमना लहानपणी इबादतीच्या जागी आयतं अन्न मिळत होतं, हे सूरह आले-इमरानमध्ये आहेच. मग आत्ताच हात लावायला का सांगितलं? मला उमगलेला अर्थ एवढाच. खजूर पाडणं तिचं काम नव्हतं, हात लावणं तिचं काम होतं. माणूस जेव्हा सगळ्यात थकलेला असतो तेव्हा त्याला थोडंसं काहीतरी करायला दिलं, की भीती निम्मी होते. उंट बांधावा की तवक्कुल करावा, असं विचारणाऱ्याला पैगंबर साहेबांनी बांध आणि मग तवक्कुल कर असं सांगितलं होतं, तेही हेच.

हे सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "आमच्या पुस्तकात ही झाडाची गोष्ट नाही. छान आहे. मरिया आमचीही आहे ना."

मग मी खोड हलवायला लागले. गोळ्या मसाल्याच्या डब्यांमागून काढून पाण्याच्या माठाशेजारी ठेवल्या, सगळ्यांना दिसतील अशा. समुपदेशकाकडे गेले. ज्यांना नाशिकला जाणं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. रात्री जाग आली की बिछान्यात हिशेब करत पडायचं नाही, उठून वजू करायचा, तसबीह घ्यायची, एकेका मण्याला एक लांब उच्छ्वास. डॉक्टर सांगतात तोच श्वास, अल्लाहच्या नावासकट. आणि रोज फजरनंतर एक तास अभ्यास. उद्याचा नाही, फक्त आजच्या तासाचा.

टीईटीच्या दीडशे गुणांत तीस गुण बालमानसशास्त्राचे. 'भीतीचा अध्ययनावर होणारा परिणाम' वाचताना मला हसू यायचं. या विषयात प्रॅक्टिकल मी पूर्ण केलेलं होतं.

परीक्षा दिली. पास व्हायला नव्वद लागतात, मला सत्त्याऐंशी मिळाले.

इथे मला लिहायला आवडलं असतं की पास झाले आणि सगळं ठीक झालं. तसं नाही झालं. निकाल पाहिला त्या रात्री झटका आला, पूर्वीसारखाच. पण तो ओसरतो हे आता ठाऊक होतं. स्वयंपाकघरात बसून राहिले, श्वास मोजला. सकाळी सिस्टरकडे गेले तर त्या म्हणाल्या, "तीन गुण? बाळा, ती तीन पाखरं होती, पुढच्या वेळी येतील." आम्ही दोघी हसलो. नोकरी राहील की नाही मला माहीत नाही. पुन्हा फॉर्म भरणार आहे. नाहीच झालं तर घरी शिकवण्या घेईन, पोरींना उर्दू शिकवीन, मराठी शिकवीन. जी यादी पूर्वी मला रात्री चावायची, ती आता वहीत लिहून ठेवली आहे आणि वही बंद केली आहे.

परवा मध्यरात्रीनंतर पुन्हा जाग आली. अडीचच वाजले होते. सवयीनं छातीवर हात गेला. धडधड नव्हती. मग कळलं जाग कशानं आली. नळातून हवा येत होती, फुस्स फुस्स आवाज करत. सतरा दिवसांनी पाणी आलं होतं. गल्लीत एकेक दिवा लागत होता. मी सासूबाईंना उठवलं, मुलीला उठवलं, नळी लावली. पहिला ड्रम भरत आला तेव्हा पलीकडच्या टोकाहून सिस्टरच्या बादल्यांचा खडखडाट ऐकू आला. मी मुलीला म्हटलं, "जा, सिस्टरना दोन हंडे भरून दे, त्यांना उचलवत नाही."

आणि मी दुसऱ्या ड्रमात नळी टाकली.